मेंढ्यांच्या शेतातलं फाटक

परदेशातल्या या शहरी वस्तीत, हौगांगला, येण्याआधी आम्ही दोन वर्षं इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहिलो. टेकडीवर चर्च, पब आणि पंधरावीस घरं. खाली ओढा, ओढ्यापलीकडे बसथांबा आणि मधे मेंढ्यांचं शेत. आमच्याकडे बांधावरून डोकी फुटतात, त्यामुळे परक्याच्या शेतात पाय टाकायची माझी छाती होईना. तीन महिने मी डांबरी रस्त्यानं अर्ध्या तासाचा वळसा घालून बस गाठली. शेवटी शेताची म्हातारी मालकीणच वैतागून म्हणाली, "अगं बाई, ही पायवाट सगळ्यांची आहे! फक्त फाटक लावून घेत जा, नाहीतर मेंढ्या बाहेर पडतात." तीन महिन्यांची पायपीट आठवून मला माझाच राग आला. मग मात्र रोज तिथूनच चिखल तुडवत गेले आणि फाटकाची गारठलेली कडी न चुकता लावली.

काल आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, गेटमधून बाहेर पडले आणि सवयीनं मागे वळून ते ओढायला लागले. लेक इथल्या मुलांच्या लकबीत करवादली, "आई, इट क्लोजेस बाय इटसेल्फ, ला!"

ते मलाही ठाऊक आहे. तरी गेट पूर्ण लागेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. एखादी मेंढी बाहेर पडली असती तर?