गोळीच्या झोपेत न मुरलेलं गाणं

दिग्रसच्या आमच्या महिला गायन मंडळात प्रभावतीकाकूंचा दरारा आहे. मी साधना, त्यांची ढोलकीवाली. हात जरा घसरला की गाता गाताच माझ्यावर डोळे वटारतात. बुद्धपौर्णिमा असो की चौदा एप्रिल, पुढे उभ्या राहून गाणार त्याच. कागद धरून गाणाऱ्यांचा त्यांना भारी राग. संध्याकाळी गाणं ऐकायचं, त्यावर झोपायचं, सकाळपर्यंत ते मुरतं, ही त्यांची रीत.

मागच्या वर्षी त्यांचे यजमान उकंडाकाका गेले आणि काकूंची झोप उडाली. थोड्या दिवसांसाठी मिळालेली झोपेची गोळी त्यांनी परस्पर चालूच ठेवली. पडल्या पडल्या डोळा लागायचा, स्वप्नसुद्धा नाही. पण बुद्धपौर्णिमेसाठी घेतलेलं नवं गाणं काही केल्या टिकेना. जुनी सगळी तोंडपाठ, नवं मात्र सकाळी पार पुसलेलं. वय झालं, आता तरुण विजयमालाला पुढे करा, अशी मंडळात कुजबुज सुरू झाली. मला संताप आला, आणि खरं सांगते, ते खरं असेल की काय अशी भीतीही वाटली.

मीच त्यांना यवतमाळला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, झोपेत मेंदू रिकामा बसत नाही. दिवसा ऐकलेलं पुन्हा घोळवून पक्कं करतो. या गोळीने माणूस निपचित पडतो, पण खोल झोप कमी होते आणि ते काम अर्धवट राहू शकतं. गोळी एकदम मात्र सोडायची नाही, हळूहळू कमी करायची. मधल्या काळात झोप बिघडेल, स्वप्नं पडतील, तयारी आहे का, असं त्यांनी विचारलं.

"मले नुसती झोप नाही पाह्यजे, डॉक्टरसाहेब. गाणं पाह्यजे," काकू म्हणाल्या.

पुढचे महिने वाईट गेले. काकू रात्र रात्र जाग्या असायच्या, तालमीत त्या माझ्यावर खेकसायच्या, मीही उलट बोलायची. पण डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त गोळी त्यांनी एकदाही घेतली नाही.

पौर्णिमा तोंडावर आली असताना एका सकाळी त्या माझ्या दारात उभ्या, डोळे सुजलेले. ओट्यावर बसल्या आणि नवं गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत न अडखळता म्हणाल्या. मी आनंदाने उठले, तर त्या रडत होत्या. काका स्वप्नात आले होते, गोळी सुरू केल्यापासून पहिल्यांदाच.

मला त्यांचं रडणं बघवेना. आजच्यापुरती पूर्वीएवढी गोळी घेता का, असं मी विचारून बसले.

"कायले?" पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या. "येऊ दे ना त्याईले बी. रडून घेईन, मंग गाईन."