गुरम्माचा राग आणि ऐच्छिक रकाना

सोलापूरच्या भवानी पेठेत गुरम्माला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तिच्याकडून एकदा तरी बोलणी खाल्ली नाहीत असाही नाही. पाणी सोडणारा माणूस वेळ चुकला, की त्याला ती रस्त्यात गाठते. युनिफॉर्मच्या कारखान्याचा मालक कमी कपडे धाडून जास्त म्हणून लिहितो, त्याला ती चार माणसांत मोजायला लावते. गल्लीच्या तोंडाशी गाडी आडवी लावणाऱ्याची तर सात पिढ्यांची आठवण निघते. तिचं बोलणं बहुतेक वेळा बरोबर असतं, ही खरी पंचाईत. चुकीच्या माणसाचा राग परतवता येतो, बरोबर माणसाचा कसा परतवणार?

तिच्या घरात पुढच्या खोलीत काजाचं मशीन आहे. शाळेच्या शर्टांचे गठ्ठे कारखान्यातून येतात, गुरम्मा काजं करते, बटणं लावते, गठ्ठे परत जातात. नवरा पंचाक्षरी नव्या पेठेत कापडाच्या दुकानात मापं घेतो, दिवसभर गिऱ्हाइकापुढे वाकतो आणि घरी येऊन बायकोपुढे. तो स्वभावाने इतका मऊ, की या घरातला सगळा राग एकट्या गुरम्माला करावा लागतो, असं ती स्वतःच म्हणते.

ही बाई कुणाला भीत नाही. फक्त दृष्ट लागण्याला भिते.

त्याला कारण आहे. थोरला शिवकुमार दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला, तेव्हा पंचाक्षरीने हौसेने पेढे वाटले, पोरांनी चौकात फोटोचा बॅनर लावला. त्याच आठवड्यात शिवकुमार तापाने आडवा झाला आणि डिप्लोमाची प्रवेशाची तारीख अंथरुणातच गेली. डॉक्टर म्हणाला टायफॉइड. गुरम्मा म्हणाली, टायफॉइड हे दृष्टीचं शाळेतलं नाव. शिवकुमार आता चाकणला एका वर्कशॉपमध्ये रात्रपाळी करतो. तेव्हापासून त्या घरात नियम झाला, की चांगली गोष्ट हातात येईपर्यंत तोंडातून काढायची नाही.

धाकटी काव्या. लहानपणापासून शर्टाच्या गठ्ठ्याबरोबर येणाऱ्या पुठ्ठ्यांवर चित्रं काढायची. बारावीनंतर तिला कापडाच्या डिझाइनची पदवी करायची होती. ती पदवी सोलापुरात एकाच खाजगी कॉलेजात होती, आणि फीमाफीच्या मोजक्या जागाही तिथेच होत्या. पुण्याला पाठवायची ऐपत नव्हती. म्हणजे हे कॉलेज मिळालं तर डिझाइन, नाहीतर काजाचं दुसरं मशीन. इतकं सरळ होतं ते. काव्याने सीईटी दिली. निकाल लागला त्या दिवशी ती मोबाइल घेऊन आईपाशी आली आणि कानात म्हणाली, "अव्वा, सत्त्याण्णव पर्सेंटाइल."

"म्हंजे?"

"शंभरातल्या सत्त्याण्णव पोरांच्या पुढं."

गुरम्माने आधी दार लावलं. मग पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "यारिगी हेळब्याड." कुणालाही सांगायचं नाही. सिद्धरामेश्वराची आण घातली तिने, पोरीला आणि नवऱ्यालासुद्धा.

आता अर्ज. चित्रं अपलोड करायची होती, ती मोबाइलवरून जाईनात, म्हणून मायलेकी गल्लीतल्या कल्लप्पाच्या इंटरनेट सेंटरवर गेल्या. कल्लप्पा माणूस वाईट नाही, पण त्याच्या कानात पडलेलं तोंडावाटे बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. तो अर्ज मोठ्याने वाचत भरत होता. एका रकान्याशी थांबून म्हणाला, "सीईटी स्कोअर, कंसात ऐच्छिक. किती पडले गं काव्या?"

दुकानात आणखी चौघं बसली होती. चौघांचेही कान इकडे.

"ऐच्छिक हाय न्हवं?" गुरम्मा म्हणाली. "सोड मग ते."

काव्याने आईकडे पाहिलं. "अव्वा, भरू या की."

गुरम्मा काही अडाणी हट्टाने बोलत नव्हती. तिने आदल्या दिवशी कॉलेजच्या नंबरवर फोन करून विचारलं होतं. पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली होती, स्कोअर नाही दिला तरी काहीच फरक पडत नाही मॅम, आम्ही चित्रं बघतो, बारावी बघतो. शिवाय स्टेशनच्या रस्त्याला त्या कॉलेजचा केवढा मोठा फलक होता, त्यावर लिहिलेलं, 'एका परीक्षेवरून आम्ही कुणाला मोजत नाही.' गुरम्माला ते वाक्य फार आवडलं होतं. कुणीतरी शहाण्याने लिहिलंय, असं ती पंचाक्षरीला म्हणालीही होती. रकाना रिकामा राहिला. कल्लप्पा जरा हिरमुसला.

मुलाखतीला बोलावलेल्यांची यादी लागली. काव्याचं नाव नव्हतं.

कल्लप्पानेच स्क्रीन वर-खाली करून तीनदा पाहिलं आणि मायलेकी निघताना म्हणाला, "कमी पडले असतील, जाऊ द्या काकू, म्हणूनच लिवले न्हाईत न्हवं?" गुरम्माची तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरा घाव घरी बसला. काव्या रडली नाही. भिंतीला टेकून बसली आणि शांतपणे म्हणाली, "अव्वा, कुणाची दृष्ट लागली सांगू? तुझ्या भ्याची."

त्या दिवशी गुरम्माने मशीनला हात लावला नाही. उलट बोलायला तोंडच नव्हतं तिला, आणि तोंड नसलेली गुरम्मा घराने पहिल्यांदाच पाहिली. रात्रभर तिचा राग आत फिरत राहिला. स्वतःवर फिरला, पोरीवर फिरला, आणि सकाळपर्यंत नेमक्या जागी येऊन बसला. ऐच्छिक म्हणाले ते. फरक पडत नाही म्हणाले ते. मग पडला कसा?

काव्याची चित्रं आणि सीईटीचा कागद पिशवीत घालून, पोरीला बरोबर घेऊन ती कॉलेजात पोचली. काचेची दारं, थंड हवा, बाहेर बाकावर आधीच एक बाई बसलेली. डोईवर पदर, पायात धुळीने भरलेल्या चपला, शेजारी काव्याच्याच वयाची मुलगी. बाई माळशिरसहून पहाटेच्या एसटीने आली होती. नाव बजाबाई, मुलगी पिंकी.

"आमचं बी नाव न्हाई यादीत," बजाबाई म्हणाली. "परीक्षेच्या दिवशी पोरगी तापानं फणफणली हुती, अंगात उभं राहायचं बळ न्हवतं. मग ह्यांचा बोर्ड वाचला, परीक्षा न्हाय दिली तरी चालतंय म्हनून. लई आशेनं भरला की अर्ज."

"माझ्या पोरीचा बी रकाना रिकामाच," गुरम्मा म्हणाली. "रिकामा सोडला म्हणून बाजूला काढलंय ह्यांनी. अक्का, तुमी बसा निवांत. आत गेले की दोघींचं एकदमच बोलते. माझ्या तोंडापुढं कोण टिकत न्हाय."

बजाबाईच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. तिने फडक्यातली भाकरी सोडली, चटणी लावून अर्धी गुरम्माच्या हातावर ठेवली. तोवर पोरींनी एकमेकींच्या चित्रांच्या फायली उघडल्या होत्या. बजाबाई गोधड्या शिवायची, आणि पिंकीने त्या गोधड्यांवरून कापडाचे नमुने काढले होते. विटकरीशेजारी मोरपंखी, त्यात मधेच पिवळ्याची एक चिंधी, आणि सगळ्यावरून धावदोऱ्याच्या ओळी. गुरम्माने भाकरी खाता खाता ते कागद पाहिले. पिवळ्या चिंधीचा कागद तिने पुन्हा वळून पाहिला.

आत बोलावलं. टेबलामागे सोनम मॅडम म्हणून एक बाई होत्या, बोलणं साखरेत घोळलेलं.

"मावशी, स्कोअर ऐच्छिक होता, सक्ती नव्हती. तुम्ही दिला नाहीत, तुमची मर्जी."

"मग नाव का न्हाय?"

"अर्ज फार आले. ज्यांचे स्कोअर होते त्यांना आधी बोलावलं."

"आणि ज्यांचे न्हवते त्यांची चित्रं बघितली का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मावशी, सरळ आहे हो. स्कोअर चांगला असता तर कुणी लपवला असता का?"

मग मात्र गुरम्मा सुटली. फलकावर काय लिहिलंय ते तिने म्हणून दाखवलं, फोनवरच्या मुलीचा मधाळ आवाज काढून दाखवला. "ऐच्छिक म्हणायचं आणि रिकामं दिसलं की चोर समजायचं? दाखवायचे दात एक आणि खायचे एक? असंच करायचं हुतं तर तसं लिवायचं बोर्डावर. पोरांनी अर्ज तरी केला नसता. चित्रं काढायला रात्री घालवल्या की पोरींनी, ती उघडून बघितली तरी का तुमी?" आवाज एवढा चढला, की आतल्या खोलीतून प्रवेशाचे प्रमुख बाहेर आले. टाय लावलेले, पन्नाशीचे. त्यांनी हात पुढे केला. "स्कोअर आहे का तुमच्याकडे?"

गुरम्माने पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला.

कागद पाहिला आणि खोलीतली हवाच बदलली. साहेब बसले. काव्याला खुर्ची आली. पाणी आलं. "सत्त्याण्णव? अहो, मग हे आधीच द्यायचं ना!" साहेब हसले, मॅडम हसल्या. तिथेच काव्याला चार प्रश्न विचारले, चित्रं भराभर उलटली, एकाही चित्रावर नजर ठरली नाही. फीमाफीची एक जागा रिकामी झाली होती म्हणे, कुणीतरी पुण्याला गेलं. "करून टाकू," साहेब म्हणाले. "मूळ कागद मॅडमकडे द्या, शिक्का मारून घ्या."

गुरम्माला आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला बोला. पण त्याच्या खाली राग तसाच होता, उलट वाढलेला. कारण ती जे ओरडून सांगत होती ते कुणी ऐकलंच नव्हतं. एक कागद तेवढा त्यांनी ऐकला.

आणि तेवढ्यात दारातून बजाबाई आत आली. आतला हसण्याचा आवाज तिने ऐकला होता. तिला वाटलं, झालं काम.

"साहेब, आमचं बी तसंच हाय," ती हात जोडून म्हणाली. "माळशिरसहून आलोय. पोरीची चित्रं बघा एकडाव."

"स्कोअर?" मॅडमनी विचारलं.

"परीक्षा द्याया जमलं न्हाई बाई. पर तुमचं ऐच्छिक हाय न्हवं?"

"मग अवघड आहे हो मावशी. पुढच्या वर्षी परीक्षा द्या आणि या."

बजाबाई गोंधळली. तिने गुरम्माकडे पाहिलं. "ह्या बाईंनी बी रिकामंच सोडलं हुतं की, त्यांचं झालं न्हवं? अवो, सांगा की तुमी. मगाशी म्हनला हुता न्हवं, दोघींचं बोलते म्हनून?"

काव्याचा कागद मॅडमच्या हातात होता. शिक्का शाईच्या पेटीवर टेकलेला, अजून कागदावर उतरला नव्हता. साहेब गुरम्माकडे बघत होते, चेहऱ्यावर तेच हसू, पण आता जरा ताणलेलं. पिंकी दारात फाईल छातीशी धरून उभी. सगळे गुरम्माच्या तोंडाकडे बघत होते, ज्या तोंडापुढे कुणी टिकत नाही.

गुरम्माला राग आला. असा राग तिला उभ्या आयुष्यात आला नव्हता, आणि तो बाहेर पडायला वाट शोधत होता. साहेबांकडे जाता येईना, मॅडमकडे जाता येईना, कारण मधे तो शिक्का होता.

"पोरीला परीक्षा द्यायला काय झालं हुतं?" ती बजाबाईवर कडाडली. "येवढ्या लांबून यायचं, आधी नीट विचारायचं न्हाय? आता हितं येऊन लोकांच्या मागं लागायचं!"

बजाबाईने जोडलेले हात खाली केले. "ताप हुता की," ती एवढंच म्हणाली. मग पोरीच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाहेर घेऊन गेली. जाताना दाराशी वळून म्हणाली, "तुमचं झालं, बरं झालं." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर गुरम्माने परतवला तरी असता.

शिक्का बसला.

बाहेर आल्या तेव्हा बाक रिकामा होता. फाटकाबाहेर एसटीच्या थांब्याकडे गुरम्माने लांबवर पाहिलं, पण त्या दोघी दिसल्या नाहीत. कदाचित तिनेच नीट पाहिलं नसेल. रिक्षात बसल्यावर पंचाक्षरीचा फोन आला, काव्याने त्याला सांगितलं, तो पलीकडे रडायला लागला. पेढे आणू का, आता तरी वाटू का, म्हणून विचारत होता. काव्याने फोन आईपुढे धरला. गुरम्माने मान हलवून नको म्हटलं.

रिक्षा शहरात शिरली. गर्दीत अडकली, ड्रायव्हरने समोरच्याला शिवी दिली, कुणीतरी मधेच गाडी आडवी घातली. एरवी गुरम्मा बाहेर वाकून बोलली असती. ती पिशवी मांडीवर धरून बसून राहिली.

"अव्वा," काव्या म्हणाली. "त्या पिंकीची चित्रं माझ्यापेक्षा चांगली हुती."

"मला दिसलं हुतं," गुरम्मा म्हणाली.