भांडा, पण जर्मनमध्ये!

आपल्या मुलांना नीट भांडता यावं म्हणून जिवाचं रान करणारा बाप साऱ्या पुणे जिल्ह्यात एकच झाला, आणि तो दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. सगळी कॉलनी त्यांना मामा म्हणायची. मूळचे वडगाव रासाईचे, नोकरीने टी.सी. मद्रासकडच्या गाड्यांत तिकिटं तपासता तपासता त्यांना एक शोध लागला होता. विनातिकीट सापडलेला माणूस आधी हिंदीत गयावया करतो, मग इंग्रजीत रुबाब दाखवतो आणि पावतीपुस्तक बाहेर निघालं की थेट आपल्या आईच्या भाषेत भांडायला लागतो. "भाषा खरी येती कवा? भांडता आलं तवा!" हा मामांचा सिद्धांत. त्याच्या जोरावर ते स्वतः पाच-सहा भाषांत कडाकडा भांडत. त्यातल्या एकाही भाषेत त्यांना प्यायला पाणी मागता येत नव्हतं. मी रेल्वेच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो, त्याची त्यांना मनापासून कीव यायची. "मास्तर, तुम्ही पोरास्नी गुड मॉर्निंग शिकवता. गुड मॉर्निंगवाचून कुनाचं कवा अडलं हाय का?"

रेडिओला लायसन लागायचं तेव्हाची, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या मधली ही गोष्ट. बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबाच्या रद्दीत मामांना जर्मन शिकवणारं एक जाडजूड पुस्तक आणि तसलाच शब्दकोश मिळाला. चिनी मिळालं असतं तर चिनी शिकवलं असतं. त्याच दिवशी घरात कायदा लागू झाला: उंबऱ्याच्या आत भांडायचं ते जर्मनमध्येच, मराठीत तोंड उघडेल तो हरला. झालं, कॉलनीतलं सगळ्यात शांत घर म्हणून ते नावारूपाला आलं. धाकट्या बाळूने चिमटा काढला की थोरली सुमन पुस्तकाकडे धावायची आणि शब्द सापडेपर्यंत तिचा राग निवून जायचा. मामी जर्मनच्या वाटेलाच गेल्या नाहीत. बोलायचं असलं की लाटण्यासकट मागल्या दारी, उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहत आणि तिथून आत मराठीत तोफ डागत. "आवं, पोरं येडी व्हतील माझी!" त्या बाहेर असल्याने मामाही हरकत घेत नसत.

मला या सगळ्याचं भारी कुतूहल. मी बिनदिक्कत भिंतीला कान लावी. पहिले काही महिने नुसतं "नाइन! नाइन!" ऐकू यायचं, म्हणजे नाही. पुढे "वारूम?" आलं, म्हणजे का. ते जर्मन एखाद्या जर्मनाला कळलं असतं का, देव जाणे. पण एका संध्याकाळी बहीण-भावाची चांगली जुंपली आणि थोड्याच वेळात मामा पेढे घेऊन माझ्या दारात. "भांडली, मास्तर! पुस्तक न उघडता भांडली!" त्यांचे डोळे भरून आले होते. असा माणूस आवडल्याशिवाय राहतो का? मला त्यांचा फार लोभ जडला होता.

सुमन मॅट्रिक झाली आणि म्हणाली, पुण्याला होस्टेलात राहीन, कॉलेजात रीतसर जर्मन शिकेन. इकडे मामांनी निमोण्याचं स्थळ जवळजवळ पक्कं केलेलं. पाहुणे रविवारी यायचे होते. त्या संध्याकाळी कान लावायची गरजच पडली नाही, दार उघडं होतं. सुमन आभाळ फाटल्यासारखी जर्मन बोलत होती. मला मधूनमधून फक्त "निमोणे", "पुणे" आणि "वारूम?" कळत होतं. मामांनी सुरुवात जोरात केली, मग ते अडखळले, मग शब्दकोशाची पानं उलटायला लागले. त्यांना हवा तो शब्द काही सापडेना. मामी मागल्या दारातून कळवळून ओरडल्या, "आवं, हितं भाईर या की! मराठीत बोला आन् गप करा तिला!"

उंबरा चार पावलांवर होता. मामांनी उंबऱ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग त्यांनी शब्दकोश मिटला आणि म्हणाले, "हारलो." तेही मराठीत, म्हणजे कायद्यानेही हरलेच. निमोण्याला निरोप गेला आणि जूनमध्ये सुमन पुण्याला गेली.

पुढे एका दुपारी मामा काळा कोट मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. आत बाळूला भांडायला कुणी उरलं नव्हतं. मला राहवेना. विचारलं, "मामा, त्या दिवशी कुठला शब्द सापडत नव्हता?"

ते कोटाचं बटण फिरवत म्हणाले, "तू गेल्याव मला करमायचं न्हाई, येवढंच म्हनायचं व्हतं. भांडायचं समदं शिकलो आमी. ह्ये तेवढं ऱ्हाऊनच गेलं."

"मग चार पावलं बाहेर येऊन मराठीत सांगायचं की!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझी पुन्हा कीव आली असावी.

"मराठीत सांगितलं असतं, मास्तर, तर ती गेलीच नसती."