न बघितलेल्या सिनेमाचं भाडं

गोदावरीच्या दोन्ही काठांवर मिळून आजवर जेवढी माणसं रात्री मनासारखा सिनेमा बघून सुखाने झोपली असतील, त्यातल्या निम्म्यांचं पुण्य आमच्या साडूंच्या नावावर जमा आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. उरलेल्या निम्म्यांनी साडूंना न विचारता सिनेमा बघितला आणि त्यांना झोप लागली ती सिनेमा चालू असतानाच. हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पंचवटीत त्यांची व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. ‘होती’ असं मी म्हणतो. ते स्वतः अजूनही ‘आपली लायब्ररी’ असंच म्हणतात, जरी त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकणारा एक तरुण बसतो आणि साडू समोरून गेले की उगाचच उभा राहतो.

कॅसेट भाड्याने देणारे त्या काळी गल्लोगल्ली होते, पण ते गिऱ्हाईक मागेल ती कॅसेट द्यायचे. साडूंच्या दुकानात तसला आचरटपणा चालत नसे. तुम्ही काउंटरपाशी गेलात की आधी तपासणी व्हायची. घरात कोण कोण आहे? कुणाची परीक्षा? कुणाला ताप? सासूबाई राहायला आल्यात का, आणि आल्या असतील तर परत कधी जाणार? ही सगळी माहिती हाती आल्यावर साडू डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे आणि मग मागच्या फळीवरून एक कॅसेट काढून पुढे सरकवायचे. ती तुम्ही मागितलेली क्वचितच असे. भुताचा सिनेमा ते तळमजल्यावर राहणाऱ्यांना देत नसत. ‘खिडकीबाहेर कुणी उभं राहिलं तर ते खालच्या मजल्यावरच उभं राहणार ना!’ हे त्यांचं कारण. एका बँकेतल्या साहेबांनी एकदा रडका कौटुंबिक सिनेमा मागितला, तर साडू म्हणाले, ‘उद्या तुमच्या मुलीला बघायला येणार आहेत. वहिनींचे डोळे सुजलेले दिसले तर पाहुण्यांना वाटेल, या घरात काहीतरी आहे.’ साहेब हातात विनोदी कॅसेट घेऊन घरी गेले. लग्न जमलं. त्याचं श्रेय साडू आजही पत्रिकेतल्या गुणांना देत नाहीत.

कॅसेट परत आली की दुसरी तपासणी. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘बरा होता’ एवढंच उत्तर देऊन सुटका होत नसे. कुठे हसलात, कुठे उठून पाणी प्यायला गेलात, घरातलं कोण कधी झोपलं, हे सगळं सांगावं लागे. मी त्यांचा साडू झालो त्या वर्षी एकदा थाप मारली होती. सिनेमा अर्ध्यात बंद केला होता आणि ‘शेवट फार छान’ असं ठोकून दिलं. साडूंनी शांतपणे विचारलं, ‘शेवटी ती त्याला काय म्हणते?’ त्यानंतर मी त्यांच्याकडून आणलेला प्रत्येक सिनेमा, कितीही रटाळ असला तरी, शेवटची पाटी सरकेपर्यंत बघत आलो आहे.

पुढे कॅसेटी गेल्या, सीडीच्या चकत्या आल्या, चकत्याही गेल्या आणि सगळे सिनेमे तारेतून थेट घरात यायला लागले. लायब्ररी बंद झाली. कुणालाही वाटेल की असा माणूस नव्या युगावर दातओठ खात बसला असेल. छे! साडूंनी एकेक ॲप असं तपासलं की ते बनवणाऱ्यांनीही तपासलं नसेल. एका ॲपवर एखादा सिनेमा दोन दिवसांसाठी घेता येतो, त्या बटणावर ‘भाड्याने घ्या’ असं लिहिलेलं त्यांना दिसलं, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम घरी बोलावून ते दाखवलं. ‘बघा साडूभाऊ, शब्द आपलाच आहे,’ म्हणाले. फक्त परत करायला कुणी येत नाही, हे त्यांना फार लागलं. परत करायलाच आलं नाही, तर कसा वाटला हे विचारायचं कुणाला?

दोन गोष्टींवर मात्र त्यांचा खरा राग. एक म्हणजे एक भाग संपल्या संपल्या पुढचा आपोआप सुरू होतो ती सोय. ते धडपडत उठून रिमोट शोधतात आणि ओरडतात, ‘अरे, माणसाला जरा हळहळू तरी द्या!’ आणि दुसरी म्हणजे ‘खास तुमच्यासाठी’ अशी जी रांग पडद्यावर येते ती. ‘याला माझ्याबद्दल काय माहीत? मी सर्दी झाली म्हणून एकदा काहीतरी बघितलं, तर हा मला जन्मभर सर्दीचंच औषध पाजतोय. घरात कोण आलंय हे तरी विचारलं का त्याने?’ ही रांग म्हणजे आपल्या काउंटरवर न विचारता येऊन बसलेला इसम आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आणि गंमत बाजूला ठेवून सांगतो, तेच त्यांचं दुखणं होतं. मेव्हणीबाईंनी एकदा माझ्या बायकोला सांगितलं की संध्याकाळी दुकानात गर्दी व्हायची त्या वेळेला हे अजून शर्ट घालून तयार होतात आणि गॅलरीत उभे राहतात. ‘पैशाचं काही नाही गं. आमचं छान चाललंय. पण यांना कुणीतरी विचारायला हवं आहे.’

म्हणून साडूंच्या पुण्याच्या लेकीने ॲफिलिएटची कल्पना काढली तेव्हा सगळ्या घराला आनंद झाला. कल्पना सोपी होती. साडूंनी लोकांना कुठलं ॲप घ्यावं ते सांगायचं, सोबत एक लिंक पाठवायची, त्या लिंकवरून कुणी वर्गणी भरली की कंपनी साडूंना कमिशन देणार. अशा योजना ढीगभर होत्या. दुसऱ्या कुणी सगळ्यात जास्त कमिशनवाली निवडली असती. साडूंनी स्थळं बघायला सुरुवात केली. घराणं कसं आहे, बोलणं गोड आणि वागणं वेगळं असं आहे का, आलेल्या माणसाला नीट नांदवतात का, याची चौकशी. प्रत्येक ॲपची वर्गणी आधी स्वतः भरून ते एकच गोष्ट बघत, ती म्हणजे वर्गणी बंद कशी करायची. एका मोठ्या नावाच्या ॲपमध्ये ते बटण त्यांना दुपारभर सापडलं नाही. कमिशन तिथे घसघशीत होतं. ‘यायला दरवाजा एवढा मोठा आणि जायला दारच नाही. अशा घरात मी माझी माणसं पाठवू?’ स्थळ मोडलं. दुसरी योजना वर्षाचीच वर्गणी घ्यायला लावत होती, ती ‘उतावळी’ म्हणून गेली. तिसरीच्या मदतकेंद्रात माणूस बोलतच नव्हता, यंत्र बोलत होतं, आणि साडूंनी ‘तुमच्या घरात कोण कोण आहे?’ विचारल्यावर त्याने त्यांना तक्रार नोंदवायला सांगितलं.

शेवटी एक पसंत पडली. कमिशन बेताचं, जुने मराठी सिनेमे भरपूर, बंद करायचं बटण पहिल्याच पानावर. शिवाय कुणी साडूंची लिंक नुसती उघडून ठेवली आणि नंतर सवडीने वर्गणी भरली, तरी कंपनी ती साडूंचीच मोजणार होती. ‘आठवण ठेवणारी माणसं आहेत,’ साडू म्हणाले. अट एकच होती. ठरलेल्या मुदतीत लिंकवरून एकही वर्गणी आली नाही, तर खातं बंद.

साडूंनी जुनी गिऱ्हाइकं शोधून काढली. पंचवटीची, सिडकोची, पार पिंपळगाव बसवंतपर्यंतची. सगळ्यांना लिंक गेली आणि पुन्हा फोन वाजू लागले. मेव्हणीबाई सांगत, हे पुन्हा गाऊ लागलेत. पण मुदत संपत आली तरी वर्गणी एकही नव्हती. कारण फोन आला की साडू तपासणी करायचे. आणि तपासणीअंती निघायचं ते असं, की तुमच्या मोबाईलच्या रिचार्जमध्ये एक ॲप आधीच फुकट येतंय, ते उघडून बघा. किंवा, तुम्हाला वर्षातून दोन सिनेमे बघायचे, ते भाड्याने घ्या, वर्गणी कशाला? एक बाई तर पैसे भरायला बोट उचलून बसल्या होत्या. त्यांना साडूंनी सांगितलं की तुमच्या सुनेकडे आहे ना, तिच्याकडे जाऊन बघा, तेवढंच जाणं होईल. मी कपाळाला हात लावला. बायको मला म्हणाली, आपणच घेऊन टाकू. मी फोन केला, तर पलीकडून, ‘साडूभाऊ, तुम्ही दोघं नऊला घोरायला लागता. तुम्हाला कशाला?’

आणि अगदी शेवटच्या आठवड्यात वर्गणी आली! दिंडोरीचे एक द्राक्षबागायतदार, फार जुनं गिऱ्हाईक, त्यांनी फोनबिन न करता थेट लिंकवरून वर्षाची वर्गणी भरून टाकली होती. साडूंनी जिलबी वाटली. खातं वाचलं होतं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि तिथेच थांबले असते तर ते साडू कसले? ‘बघून काय वाटलं ते विचारून येतो,’ म्हणून त्यांनी स्कूटर काढली आणि मला मागे बसवलं.

दिंडोरीत छाटणीचे दिवस होते. बागेत माणसंच माणसं, घरात शुकशुकाट. बागायतदार हात पुसत आले, सून चहा घेऊन आली. साडू खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, ‘हं, कसा वाटला?’

‘काय, दादा?’

‘सिनेमा हो! पहिला कुठला लावला?’

बागायतदारांनी माझ्याकडे बघितलं, मी टीव्हीकडे. टीव्हीवर भरतकामाचा रुमाल होता आणि रुमालावर औषध फवारणीचे हातमोजे ठेवलेली पिशवी होती.

‘त्याचं असं हाय दादा, छाटणी चालू हाय ना. दिवसभर बागंत, रातच्याला पाठ टेकली का झोप. टाइमच नाय.’

‘मग घेतलं कशाला?’

‘तुमची लिंक आली ना! एवढ्या वर्सांनी तुमी आठवण काढली, लय बरं वाटलं. आमच्या लग्नाच्या पूजेला तुमीच टीव्ही, व्हीसीआर दिला व्हता, ट्रॅक्टरमधी गादीवर ठेवून आणला व्हता आमी. आख्खं गाव बसलं व्हतं. तुमाला नाय कसं म्हणायचं?’

मी मनातल्या मनात साडूंना हात जोडले. म्हटलं, आता गप्प बसा, चहा प्या, आणि निघा. साडूंनी कप खाली ठेवला. चहावर साय धरली. मग ते सुनेला म्हणाले, ‘पोरी, तुमचा मोबाईल आण. वर्गणी परत मिळायची मुदत अजून आहे.’ बागायतदार नको नको म्हणत होते. सुनेने बटण दाबलं आणि वर्गणी एका दाबात बंद झाली. तेवढ्यातही साडू माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाले, ‘बघितलंत? घराणं चांगलं आहे!’

परत येताना मी त्यांच्या पाठीमागून रस्ताभर चिडचिड केली. ‘अहो, एकच तर गिऱ्हाईक होतं तुमचं! त्याने खुशीने दिले होते पैसे!’ साडूंनी स्कूटर बाजूला घेतली, बंद केली आणि मागे न बघताच म्हणाले, ‘कॅसेट नेली आणि बघायला जमलं नाही, असं कुणी म्हणालं तर मी कधी भाडं घेतलं नाही. आता काय घ्यायचं?’ मग पुन्हा किक मारली. ती दोनदा बसली नाही.

कंपनीने खातं बंद केलं. साडू गाणं म्हणायचे थांबले, आणि खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. हा माणूस पुन्हा गॅलरीत उभा राहणार, या विचाराने त्या दिवसांत आमच्या घरातही कुणी टीव्ही लावला नाही.

छाटणी आटोपली आणि दिंडोरीहून फोन आला. ‘दादा, आता मोकळा हाय. मंडळी इचारत्यात, काय बघू?’ लिंक उरली नव्हती, कमिशनही नव्हतं. साडू म्हणे तासभर बोलत होते. बागायतदारांनी ते आणखी चौघांना सांगितलं, साडूंनी सुनेकडे धाडलेल्या त्या बाईंनी सुनेला, सुनेने तिच्या माहेरी वणीला. लोकांकडे सगळी ॲपं होतीच. त्यातलं आज काय लावायचं, एवढंच कुणाला कळत नव्हतं.

परवा संध्याकाळी मी आणि बायको रिमोट घेऊन बसलो होतो. हे नको, ते नको करत भाकरी गार झाली, तेव्हा ती म्हणाली, ‘दाजींना विचारा.’ मी फोन लावला. बिझी. थोड्या वेळाने पुन्हा लावला. बिझी. पूर्वी मी वैतागलो असतो. साडू आता सत्तरीच्या पुढे गेलेत, जिना चढताना मध्ये थांबतात, आणि एखाद्या संध्याकाळी त्यांचा फोन पहिल्याच रिंगला लागला, तर त्यांना कुणी विचारेनासं झालं, असाच अर्थ मी धरीन. म्हणून मी फोन खाली ठेवला, टीव्ही बंद केला, आणि आम्ही दोघं त्या काळ्या पडद्यासमोर आमचा नंबर यायची वाट बघत बसलो.