उंच दांड्याची गाडी

लोल्केने आपली खुर्ची खिडकीपासून हलवून कोपऱ्यात नेली, तेव्हाच गावाने ओळखलं की म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. त्या गावात खिडक्यांना पडदे ओढायची रीत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याने आत बघून हात वर करायचा, आत बसलेल्याने बाहेर बघून, झालं. पण कोपऱ्यात बसलेल्याला हात करायचा तरी कसा?

फ्रिसलंड या डच प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्राला अडवून धरणारा जो गवताळ बांध आहे, त्याची राखण करण्यात लोल्केचा जन्म गेला होता. घुशींनी कुठे बीळ केलंय, मेंढरांनी गवत कुठे उकरलंय, हे बघत रोज बांधावरून चालायचं. साडेसहा फुटांच्या वरचा तो ताडमाड माणूस चालू लागला की शेजारच्या गावातूनही ओळखू यायचा. दाराच्या चौकटीशिवाय आपण कुणापुढे वाकलो नाही असं तो म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

गेल्या पानगळीत त्याच्या पायांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, चालत राहिलात तर पाय टिकतील, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत खुर्ची सोडता येणार नाही. त्यांनी एक चाकांचा वॉकर पाठवला. तो पार वर खेचला तरी लोल्केच्या मांडीपर्यंतच यायचा. म्हाताऱ्याने घरातल्या घरात एक फेरी मारली, खिडकीच्या काचेत स्वतःला काटकोनात वाकलेलं पाहिलं आणि वॉकर मागच्या खोपटात बटाट्यांच्या पोत्यांआड टाकून दिला.

"ते म्हाताऱ्यांचं खेळणं आहे," तो म्हणाला. स्वतःची ऐंशी उलटून गेली होती.

त्याची मुलगी सित्स्के उंचीला त्याच्यावरच गेली होती. वडिलांना ती 'हाइत' म्हणे, तिथली सगळीच मुलं म्हणतात तसं. हिवाळ्यात तिला मुलगी झाली, एल्ब्रिख. बाळ झालं म्हणजे बाबागाडी आली, आणि बाबागाडी म्हटल्यावर सित्स्केच्या डोक्यात एक बेत शिजू लागला. नातीला फिरवणाऱ्या आजोबाला कोण नावं ठेवणार? तो दांड्याला धरून चालतोय की दांडा त्याला धरून उभा आहे, हे कुणाला कळणार?

लेउवार्डन शहरातल्या बाबागाड्यांच्या दुकानात तिने विक्रेत्या बाईला जेरीस आणलं. चिखलात, शिंपल्यांचा चुरा पसरलेल्या वाटेवर, बांधाच्या चढावर चालेल अशी गाडी हवी होती. दांडा उंच हवा, आणि लांब टांगा टाकताना पाय मागच्या आसाला आपटायला नकोत. इथवर बाईला सगळं समजत होतं. त्या भागातली दुकानं उंच आईबापांना सरावलेलीच असतात. पण सित्स्के प्रत्येक गाडीच्या दांड्यावर अख्खं वजन टाकून बघायला लागली. तीन चाकांची एक गाडी लगेच मागे उलटली.

"बाई, गाडी ढकलायची असते, तिला लोंबकळायचं नसतं."

"आमच्याकडे दोन्ही करतात," सित्स्के म्हणाली.

शेवटी चार चाकांची, हवेच्या जाड टायरांची, भारी सांगाड्याची एक गाडी सापडली. तिचा दांडा मागच्या चाकांच्या जवळजवळ बरोबर वर येत होता आणि ब्रेक हाताशी होता. सित्स्के अख्खी रेलली तरी गाडी जागची हलली नाही. तिच्या नवऱ्याने, रूर्दने, दांडा धरून पाहिला. रूर्द बेताच्या उंचीचा.

"मी ही ढकलताना दोरीवर कपडे वाळत घालतोय असं वाटेल."

"खाली होतो रे तो."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "आणि म्हातारा पडला तर? आत आपली पोर असणार."

सित्स्केला रात्ररात्र झोपू न देणारा प्रश्न तोच होता. "मी शेजारीच असेन," ती म्हणाली. "गाडीचा पट्टा माझ्या मनगटाला बांधलेला असेल." रूर्दनेच मग गाडी उचलून मोटारीत ठेवली.

मंगळवारी सकाळी ती वडिलांकडे गेली. कॉफी झाली, डब्यातून एकेक बिस्कीट निघालं आणि डबा बंद झाला.

"हाइत, माझी पाठ धरलीय. बांधापर्यंत गाडी ढकलता का जरा?"

म्हाताऱ्याने गाडीकडे पाहिलं, पार वर चढवलेल्या दांड्याकडे पाहिलं, आणि टोपी घातली.

रस्त्यावर खिडक्याखिडक्यांतून हात वर झाले. लोल्केचे हात गाडीला घट्ट धरून होते, म्हणून तो नुसती हनुवटी हलवायचा. बांधाचं फाटक ओलांडून ते तिरक्या वाटेने बांधावर चढले. पलीकडे ओहोटीचा चिखल पसरला होता आणि वारा तोंडावर येत होता. लोल्के ताठ उभा होता. कितीतरी महिन्यांनी सित्स्केला वडिलांच्या तोंडाकडे मान वर करून पाहावं लागलं, आणि तिला फार आनंद झाला.

"तिथे बघ, बीळ," म्हातारा नातीला म्हणाला. "मी काम सोडलं की झोपा काढतात हे नवे राखणदार!"

उतरताना मात्र त्याचा डावा पाय थरथरला. त्याने ब्रेक दाबला.

"सित्स्के, पोरीला काढ."

"पट्टा आहे माझ्या हाताला, हाइत."

"पट्टा तुझा असेल, पाय माझे आहेत. काढ तिला."

तिने एल्ब्रिखला छातीशी घेतलं. संपलं, तिला वाटलं. बेत फसला. आता हाइत रूर्दला मोटार आणायला सांगतील आणि पुन्हा त्या कोपऱ्यात जाऊन बसतील. गावातून रिकामी गाडी ढकलत जाणारा माणूस हा नव्हे.

लोल्केने दांडा पुन्हा धरला. "दुकानात लोंबकळून बघितलंस ना या गाडीला?"

"रूर्द बोलला?"

"रूर्दने कशाला सांगायला हवं? पाठ धरलेली बाई पोर अशी झटक्यात उचलत नाही." आणि तो चालू लागला.

रिकामी गाडी खडखडत रस्त्याला लागली. खिडक्यांतले हात अर्ध्यावरच थबकले. शेजारची क्लास्के तर दारात आली. "अहो लोल्के, गाडीत बाळ कुठाय?"

"आईकडे आहे," लोल्के थांबून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला. "ही गाडी माझी आहे. हिच्याशिवाय मला चालता येत नाही."

सित्स्केने तोंड बाळाच्या टोपीत लपवलं. रडू आवरेना तिला.

घरात शिरल्यावर म्हाताऱ्याने गाडी दाराशी लावली आणि खुर्ची खिडकीत ओढायला सांगितली. बसून धाप ओसरल्यावर तो म्हणाला, "पोरीसाठी दुसरी गाडी बघा आता. रूर्दच्या उंचीची घ्या."