ओटी भरून महाभियोग

मुलगा चाकणला कोरियन कंपनीत कामाला, त्यामुळे कोरियाचे राष्ट्राध्यक्ष पदावरून गेल्याची बातमी आमच्या घरी त्याच्या रिकाम्या डब्याबरोबर आली. तेव्हापासून महाभियोग हा आमचा जेवतानाचा विषय. अमेरिकेत आरोप ठेवतात, वरचं सभागृह सोडून देतं, आणि सुटलेला माणूस पुन्हा निवडूनही येतो. कोरियात संसद बोट दाखवते, कोर्ट खुर्चीवरून उठवतं.

"आपल्या राष्ट्रपतींवर एकदाही ही वेळ आली नाही," मुलगा म्हणाला.

"माझ्यावर आलीय," मी म्हणाले.

आता सूनबाईवर येणार होती. ती आमच्या सोसायटीची चेअरमन. टँकरच्या पाण्याने गाड्या धुणं तिने बंद केलं, म्हणून समोरच्या विंगमधल्या बाईने अविश्वास ठराव आणला. रविवारी मतदान. सूनबाईने ताट बाजूला सारलं.

"आई, मिटिंगआधी सगळ्यांना जिलेबी वाटू का?"

"अगं, मी नारळ वाटले होते."

कासारवाडीच्या चाळीत मी महिला मंडळाची अध्यक्ष होते. पर्स काखेत, मान वर. हळदीकुंकवाचं पहिलं कुंकू अध्यक्षांना, हा नियम मीच मांडला, अनुमोदनही मीच दिलं. बायकांनी मला काढायचं ठरवलं, तेव्हा मला वाटलं, माझ्या हातून ओटी भरून घेतलेली बाई माझ्याविरुद्ध कशी जाईल? सभेआधी एकेकीची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. सगळ्यांनी हसून घेतली. मग चाळीतली थोरली बाई उठली.

"बाई, आता तुमची. निघालेल्या बाईला रिकाम्या ओटीनं धाडत न्हाईत."

प्रत्येकीने येऊन माझ्या पदरात मूठभर तांदूळ घातले. मी सत्कार समजून लाजत बसले होते. पदर जड झाल्यावर कळलं, ते मतदान होतं. नव्या अध्यक्षबाईंनी माझा जुलमी नियम तत्काळ बदलला. पहिलं कुंकू त्यांना आणि शेवटचंही त्यांनाच.

रविवारी मी नारळ घेऊनच मिटिंगला गेले. समोरच्या बाईंचं भाषण संपताच उठले आणि त्यांची ओटी भरली.

"हे काय, काकू?"

"आता चेअरमन होणार तू. मोठ्या सासरी चाललीस. पहाटे टँकरवाल्याचा फोन येतो, तो घे. लिफ्ट अडकली की आतल्यांच्या शिव्या खा. आणि वरच्या मजल्याची गळती थांबव, माझ्या सुनेला नाही जमलं."

बाईंनी नारळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो मोबाइलमध्ये शिरला होता.

"काकू, घरी विचारावं लागेल."

ठराव पुढे ढकलला गेला. सूनबाई ताठ मानेने घरी आली आणि तिने चहा ठेवला. कपात ओतते तोच फोन वाजला. टँकर गेटमध्ये अडकला होता. चहा तसाच ठेवून ती खाली पळाली.

"आई, हे अमेरिकेसारखं झालं की कोरियासारखं?" मुलाने विचारलं.

"तिकडे हरलेल्याला शिक्षा होते रे," मी म्हणाले आणि तिचा चहा गार व्हायच्या आत पिऊन टाकला.