निवड समितीतला अशील

काय सांगायचं! कायद्यात डॉक्टरेट केली, लातूरच्या पोरांना आयुष्यभर उलटतपासणी शिकवली आणि नांदेडला एका बाकावर बसून अशी काही फजिती करून घेतली की बायको अजून भाकरी थापता थापता एकटीच हसते. चहा घ्या हातात, मग सांगतो.

नांदेडची एक संस्था नव्या वकिलांना फेलोशिप देते. दरमहा मानधन संस्थेचं, आणि वकिलानं लढायचं ज्यांना फी परवडत नाही अशांच्या हक्कांसाठी. जागा एकच. निवड समितीवर मला घेतलं. झालं! माझी झोप उडाली.

मुलाखतीत कळतं काय हो? राज्यघटनेची कलमं सगळेच घडाघडा म्हणणार. पण समोरच्या गांजलेल्या माणसाचं ऐकून घेता येतं का, ते कसं ओळखायचं? आणि ओळखणारा मी तरी कोण? ज्या पोराची हुशार म्हणून मी सगळ्यात जास्त पाठ थोपटली, तो आज प्लॉटिंगचा धंदा करतो!

मग डोक्यात किडा शिरला. आपणच अशील व्हायचं! समितीला कळवलं, 'तुम्ही सुरू करा, मी मागून येतो.' जुनं धोतर नेसलं, डोक्याला रुमाल गुंडाळला. बायको दारातच म्हणाली, "या वयात पळून चाललात की काय?"

एसटीत अहमदपूर येईपर्यंत दर थांब्याला वाटत होतं, उतरावं, परत जावं. पण बदलायला पिशवीत पँट टाकायचीच विसरलो होतो. आता तडीला न्यायलाच हवं होतं.

मुलाखतीच्या खोलीबाहेर बाक होता. तिथं कण्हत बसलो. एक उमेदवार म्हणाला, "काका, सरका जरा." दुसऱ्यानं व्हिजिटिंग कार्ड दिलं आणि आरशात टाय नीट केला. मग भोकरची एक उमेदवार आली, रेणुका. काळा कोट, हातात डबा. माझ्याकडं बघितलं आणि शेजारीच बसली.

"काय झालं, बाबा?"

"काय सांगू माय! गावानं वाळीत टाकलंय. दुकानदार मीठ देईना, गिरणीवाला दळण घेईना, न्हावी दाढी करीना..."

तिनं माझ्या गालाकडं निरखून पाहिलं. "मग ही दाढी कुणी केली? साबणाचा वास येऊन राहिलाय."

अहो, काळजीपायी सकाळी दोनदा घोटून केली होती! मी रुमाल गालावर ओढला.

"रागावू नका बाबा. कोर्टात समोरचा वकील पहिलं हेच विचारील. तुमचं उत्तर तयार पाहिजे."

आयुष्यभर उलटतपासणी शिकवणारा मी पहिल्याच प्रश्नाला आडवा!

तेवढ्यात शिपायानं तिचं नाव पुकारलं. ती म्हणाली, "पुढच्याला घ्या, मी आलेच." थोड्या वेळानं पुन्हा पुकारा. "मॅडम, आता तिसऱ्यांदा बोलावून आला न्हाईत तर नाव कटणार."

मला दरदरून घाम! "जा गं माय, तुझी मुलाखत हाय. माझं राहू दे."

"राहू दे कसं? गाव कोणतं तेवढं सांगा."

आता कुठलंही गाव सांगावं की नाही? घाबरलेल्या तोंडातून शिरूर अनंतपाळजवळची माझी सासुरवाडी बाहेर पडली! मला वाटलं, ती लिहून घेईल आणि उठेल. पण तिनं शिरूरच्या कुणा वकील मैत्रिणीला फोन लावून सरपंचाचा नंबरच मिळवला. सरपंच कोण? माझा सख्खा मेहुणा, बालाजी!

फोन स्पीकरवर. "हॅलो, कोण बोलून राहिलं?"

"सरपंच, तुमच्या गावानं एका म्हाताऱ्या माणसाला वाळीत टाकलंय. हा गुन्हा आहे, माहीत आहे का?"

"कुणाला? नाव तर सांगा!"

तिनं फोन माझ्या तोंडापुढं धरला. "बोला बाबा. भिऊ नका, मी हाय."

मी घोगरा आवाज काढला, "म्या... म्या गरीब माणूस..."

मग बालाजी ओरडला, "दाजी?! दाजी, तुम्ही हाव का? अक्का बरी हाय ना?"

आता तरी संपावं? छे! रेणुका उसळलीच. "सख्ख्या दाजीला वाळीत टाकलं? लाज वाटती का? घरचाच माणूस असा छळ करतो?"

"अहो बाई, कुणी टाकलं वाळीत? दिवाळीला चांगलं धोतर दिलंय! कायद्याचे डॉक्टर हायत ते, लातूरचे!"

तिनं फोन खाली घेतला. माझ्या नेसूच्या धोतराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी हळूच म्हणालो, "मी... निवड समितीत आहे."

इतक्यात तिसरा पुकारा. तिचे डोळे भरले होते, रागानं की कशानं, देव जाणे. ती उठली नाही, म्हणून मीच उठलो, धोतर सावरत आत गेलो आणि अडखळत सगळं सांगितलं. उशीर माझ्यामुळं झाला, तिचं नाव कापू नका म्हणून हात जोडले.

समितीच्या अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश बाई. त्यांनी चष्मा काढून मला आपादमस्तक न्याहाळलं. "डॉक्टर, तिला आत पाठवा. पण तुम्ही आता तिचे अशील झालात, तुम्हाला गुण देता येणार नाहीत. बाहेर बसा."

मग काय! पुन्हा बाकावर. बसवेना, उभं राहवेना. आपल्या आगाऊपणापायी पोरीचं वाटोळं झालं तर? शिपाई म्हणाला, "काका, घाबरू नका, तुमची बी मुलाखत चांगली व्हईल."

शेवटी दार उघडलं. आतून हसण्याचा गलका आला आणि मागोमाग रेणुका.

"मिळाली," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. "विचारलं काय त्यांनी?"

"पहिली केस कोणती लढणार म्हणून."

"मग?"

"म्हटलं, ती आत्ताच बाहेर बाकावर हरून आलेय. अशीलच फितूर झाला."